रात्री साडेआठनंतरचा स्वयंपाक : हनोईच्या एका घरातून

आरंभी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका जोडप्याविषयी सांगतो. दोघेही नोकरदार, डोंबिवली ते मुंबई असा रोजचा लोकलचा प्रवास. पती त्रेचाळीस वर्षांचे. कार्यालयातील वार्षिक तपासणीत रक्तदाब १६०/१०० निघाल्यामुळे ते माझ्याकडे आले होते. निरनिराळ्या दिवशी तीनदा मोजूनही आकडा खाली येईना, तेव्हा मी गोळी सुरू केली आणि नेहमीची यादी म्हणून दाखवली : लोणचे नको, पापड नको, फरसाण नको, बाहेरचे पार्सल नको. त्यांच्या पत्नी सारे शांतपणे ऐकून घेत होत्या. उठता उठता त्या म्हणाल्या, “डॉक्टर, काय नको ते सगळेच सांगतात. रात्री साडेआठला घरात पाऊल टाकल्यावर सव्वानऊला चौघांच्या ताटात काय वाढू, तेवढे एकदा सांगा.”

मी ‘काहीतरी हलके करा’ असे पुटपुटलो. ते उत्तर नव्हते, हे त्यांना कळले आणि मलाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोकांना पथ्य सांगणारा मी स्वतः रात्री दहाला दवाखाना बंद करून घरी जातो आणि जे समोर येईल ते खातो. त्यामुळे तो प्रश्न माझ्याही घरचा होता.

त्याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. नोकरीनिमित्त हनोईत राहणाऱ्या मुलीला भेटायला आम्ही पतीपत्नी गेलो असताना, तिच्या एका सहकारी बाईंनी आम्हांला घरी जेवायला बोलावले. खास बेत करू नका, रोजचेच जेवण द्या, असे मुलीने आधीच सांगून ठेवले होते.

हनोईतील ताट

बाई कामावरून स्कूटरवर परतल्या त्या वाटेतल्या बाजारातून पाव किलोहून थोडा अधिक डुकराच्या मांसाचा खिमा, कोहळ्याचा एक तुकडा आणि पालेभाजीची जुडी घेऊनच. भात विजेच्या कुकरमध्ये लावला. खिम्याचे दोन भाग केले. मोठा भाग कांदा-लसणावर कोरडा परतला. लहान भाग कोहळ्याच्या पातळ सारात गेला. पालेभाजी उकळत्या पाण्यातून काढली. चाळीस मिनिटांत एका मोठ्या थाळ्यात सारे मांडून आम्ही जमिनीवर चटईवर बसलो. जेवणास हात लावण्यापूर्वी घरातील मुलाने एकेका वडीलधाऱ्याला ‘जेवायला घ्या’ असे आदराने म्हटले. उत्तर व्हिएतनाममधील घरांत ही रीत अजून पाळली जाते. आपल्या जुन्या पंगतीची आठवण होऊन मला क्षणभर घरीच बसल्यासारखे वाटले.

व्हिएतनामी घरच्या जेवणाचा सांगाडा असा ठरलेला असतो : भात, एक खारट-चविष्ट पदार्थ, एक पातळ सार आणि एक भाजी. जेवण करणे या अर्थी त्यांच्या भाषेत ‘भात खाणे’ असाच शब्दप्रयोग रूढ आहे. सार तेलाच्या फोडणीचे नसते; पाण्यात भाजी आणि थोडे मांस किंवा कोळंबी घालून उकळलेले असते. तिकडे त्यात कोहळा, दुधी, मायाळू अशा आपल्या ओळखीच्या भाज्याच पडतात. कोकणात जिला नाळीची भाजी म्हणतात, ती पाणथळ जागेतील पालेभाजी तर हनोईच्या घरोघरी शिजते. ती उकळलेले पाणीही टाकून देत नाहीत. त्यात आंबट पिळून सार म्हणून पितात.

माझे लक्ष वेधले ते मांसाच्या प्रमाणाने. आम्ही सहा जण होतो आणि खिमा होता जेमतेम तीनशे ग्रॅम. तरीही कोणाला काही उणे वाटले नाही. बाईंच्या आईने त्यामागचे कारण सांगितले. १९८६ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू होण्यापूर्वीच्या दशकात तेथे मांस शिधापत्रिकेवर मिळत असे आणि तेही अगदी थोडे. तेवढ्या मांसावर सर्वांचा भात संपला पाहिजे, म्हणून ते बारीक चिरून, खारट करून, कोरडे परतत. टंचाई सरली, पण ती पद्धत घरात राहिली.

या गोष्टीत वैद्यकाचे दोन धडे आहेत. थोडे मांस आणि भरपूर भाजी, हा घेण्यासारखा. दुसरा आहे तो सावध राहण्याचा, आणि तो मिठाविषयी.

मिठाचा हिशेब

या स्वयंपाकाची चव ज्यावर उभी आहे, ते ‘नुओक माम’ म्हणजे माशांचे आंबवलेले पाणी. अँकोव्ही जातीचे, आपल्या मांदेलीच्या कुळातील बारीक मासे मिठात घालून लाकडी पिंपांत वर्षभर मुरवतात आणि खाली जमणारा लालसर-तपकिरी अर्क गाळून घेतात. फू क्वोक बेटावरील अर्क इतका नावाजलेला की, २०१२ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. बाटली उघडताच येणारा वास प्रथम उग्र वाटतो; ज्यांच्या घरी सुकट-जवळा शिजतो, त्यांना तो परका वाटणार नाही. शिजल्यावर वास मावळतो आणि गोडसर खमंगपणा उरतो.

परंतु या अर्काच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आपल्या देशात आणि व्हिएतनाममध्येही सरासरी माणूस याहून बरेच जास्त मीठ खातो. म्हणून हा पदार्थ करताना मी एकच नियम सांगतो : चौघांच्या संपूर्ण जेवणाला अर्काचे दोन मोठे चमचे, आणि वरून चिमूटभरही मीठ नाही. भातात नाही, भाजीत नाही, सारात नाही. म्हणजे सात ग्रॅम मीठ चौघांत विभागले जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅमपेक्षा कमी येते; वाटीत चटणी उरली तर त्याहूनही कमी.

बाटलीवरील तक्ता मात्र वाचावा, कारण प्रमाण कंपनीगणिक बदलते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढे सूत्र लक्षात ठेवले की पुरे. नुओक माम न मिळाल्यास सोया सॉस चालेल, पण तोही खारटच असतो; तेव्हा तोही मोजूनच घालावा.

चौघांसाठी साहित्य

खिमा ३०० ग्रॅम. व्हिएतनाममध्ये तो बहुधा डुकराच्या मांसाचा असतो. आपल्याकडे गोवा-वसईच्या काही घरांत तो रुचेल. इतरांनी कोंबडीचा किंवा कमी चरबीचा मटणाचा घ्यावा.
तांदूळ दीड वाटी.
कोहळा किंवा दुधी ४०० ग्रॅम.
मायाळू, नाळी किंवा पालक यांची एक मोठी जुडी.
लहान कांदे चार, लसणाच्या पाकळ्या सहा, कांद्याची पात, कोथिंबीर, एक लिंबू, एक हिरवी मिरची.
नुओक माम दोन मोठे चमचे, तेल एक मोठा चमचा, साखर दीड लहान चमचा, मिरपूड.

कृती

१. घरात येताच तांदूळ धुऊन कुकर लावावा. शेजारच्या शेगडीवर सारासाठी एक लिटर पाणी ठेवावे.

२. पाणी तापेपर्यंत भाज्या धुऊन चिराव्यात. १०० ग्रॅम खिमा मिरपूड आणि दोन चमचे पाणी घालून चमच्याने सैल करावा. पाण्याला उकळी आली की तो त्यात सोडून हलवावा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. वर येणारा फेस काढून टाकावा. मग कोहळ्याच्या पातळ फोडी घालून आठ-दहा मिनिटे, फोडी पारदर्शक होईपर्यंत उकळावे. शेवटी नुओक मामचा एक लहान चमचा, कांद्याची पात आणि कोथिंबीर.

३. पसरट कढईत तेल तापवून बारीक चिरलेला कांदा आणि निम्मा लसूण परतावा. उरलेला २०० ग्रॅम खिमा घालून मोठ्या आचेवर उलथन्याने फोडत राहावे. खिम्याला पाणी सुटते. ते आटून कडा तांबूस होईपर्यंत सहा-सात मिनिटे लागतात. घाई करून पाणी आटण्यापूर्वी उतरवला तर तो उकडल्यासारखा बेचव लागतो. मग अर्धा लहान चमचा साखर, नुओक मामचे दोन लहान चमचे आणि मिरपूड घालून आणखी दोन मिनिटे परतावा.

४. पालेभाजी उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून, निथळून घ्यावी.

५. चटणीसाठी नुओक मामचा एक मोठा चमचा, तेवढाच लिंबाचा रस, पाच मोठे चमचे कोमट पाणी आणि एक लहान चमचा साखर एकत्र करून त्यात ठेचलेला लसूण व मिरची घालावी. मूळ रीतीत साखर याच्या तिप्पट असते. ती मी कमी केली आहे. चटणी पानात ओतू नये. प्रत्येक घास तिला फक्त लावावा. जिभेला चव पुरते आणि वाटीतील बरेचसे मीठ वाटीतच राहते.

मांसाहार न करणाऱ्यांनीही हे जेवण करून पाहावे. व्हिएतनाममधील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात. तेव्हा मांसाच्या जागी सोयाबीनचे पनीर येते. आपणही ते कुस्करून खिम्यासारखे परतू शकतो. मग नुओक मामऐवजी सोया सॉस वापरावा.

खिम्याची काळजी

खिम्याबाबत डॉक्टर म्हणून मी थोडा कडक आहे. मांसाच्या अखंड तुकड्यात जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून खिमा पूर्ण शिजलाच पाहिजे, त्यात गुलाबी रंग दिसता कामा नये. तुकडा निवडून आपल्यासमोर खिमा करून घ्यावा. तो एक-दोन दिवसांत वापरावा, अन्यथा बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा. कच्च्या मांसाची सुरी-पाट धुतल्याशिवाय त्यावर कोथिंबीर चिरू नये.

हनोईत जेवणासोबत पुदिना, कोथिंबीर, तुळशीच्या कुळातील पाने अशी कच्च्या पाल्याची परडीही असते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेंदूत कृमींच्या गाठी होऊन फिट येण्याचा आजार आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. ‘आम्ही डुकराचे मांस खात नाही, मग आम्हांला कसा?’ असे रुग्ण विचारतात. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने पट्टकृमी आतड्यात वाढतो, हे खरे. मेंदूतील गाठी मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून अस्वच्छ हात, पाणी आणि न धुतलेल्या पाल्यावाटे येतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो. कच्चा पाला एकेक पान वेगळे करून वाहत्या पाण्याखाली धुवावा. पावसाळ्यात, तसेच घरात गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असल्यास तो कच्चा न खाता शिजवूनच खावा.

मधुमेही व्यक्तींनी आधी भाजी आणि सार घेऊन नंतर एक लहान वाटी भात घ्यावा. जेवणानंतरची साखर त्यामुळे कमी चढते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे व पालेभाज्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. माशांची ॲलर्जी असलेल्यांनी नुओक माम पूर्णपणे वर्ज्य करावे.

पुन्हा तोच प्रश्न

परत आल्यावर मी हीच कृती औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून त्या बाईंच्या हाती दिली. तीन महिन्यांनी दोघे आले तेव्हा रक्तदाब १३४/८४ होता. याचे सारे श्रेय एका पदार्थाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोळी चालू होती, ती आजही चालू आहे. ते स्टेशनपासून घरापर्यंत चालतही येऊ लागले होते. मी जेवणाविषयी विचारले, तेव्हा पत्नी म्हणाल्या, “आठवड्यातून चार दिवस पार्सल यायचे, आता एखाद्या दिवशी येते. कोहळा हे चिरतात, लिंबू मुलगा पिळतो. मी एकटी नसते ओट्यापाशी.”

मी लिहून दिलेल्या चिठ्ठीत ही शेवटची गोष्ट नव्हती. ती त्यांनी स्वतः शोधली. या पंधरवड्यातील एखाद्या रात्री आपणही हा बेत करून पाहावा. आणि घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते त्याच रात्री जेवताना एकमेकांना विचारावे. आठवत नसेल, तर त्याच आठवड्यात मोजून घ्यावा.