'बँड' आणि 'वरचा सा' : दूरचित्रवाणीवरील गाणे, कीर्ती आणि शब्दार्थ

अर्थसंकोच आणि अर्थविस्तार या संकल्पनांशी आपला परिचय झालेला आहे. त्यांचा पडताळा आता दूरचित्रवाणीवरील संगीत-कार्यक्रमांच्या भाषेत घ्यावयाचा आहे. त्यासाठी हे कार्यक्रम कलावंताला कीर्ती कशी मिळवून देतात, ते प्रथम पाहिले पाहिजे.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात इंग्लंडमधील 'बीटल्स' हा चौघांचा संच गायला. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला. त्याच वर्षी १ जानेवारीला बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला होता आणि तो २००६ पर्यंत चालला. ज्या तबकड्या अधिक खपत, त्यांचे कलावंत या कार्यक्रमात येत. पडद्यावर आले की खप आणखी वाढे. पुष्कळदा गायक ध्वनिमुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलवीत असत, तरी प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे. आवाज नभोवाणीने आधीच घरोघरी पोहोचवला होता. पडद्याने त्याला चेहरे दिले, आणि चार चेहऱ्यांना मिळून एक नाव दिले.

ही सामूहिक कीर्ती शक्य झाली, कारण रॉक बँडमध्ये गाणे रचणारे, वाजवणारे आणि गाणारे बहुधा तेच असतात. मराठी भावगीतात गीतकार, संगीतकार आणि गायक हे तिघे वेगळे. 'सा रे ग म प' या झी मराठीवरील स्पर्धेत गायली जाणारी गाणी बहुतांशी आधीचीच होती. त्यामुळे प्रकाशझोत पडला तो गाणाऱ्या एका चेहऱ्यावर. पुण्याच्या 'अग्नी' या रॉक बँडला एमटीव्हीच्या 'रोडीज'ने तरुणांमध्ये ओळख दिली हे खरे. परंतु तो संगीताचा कार्यक्रम नव्हता आणि गाण्यांची भाषाही मराठी नव्हती.

शब्दांकडे वळू. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावात 'बँड' म्हटले की आजही डोळ्यांसमोर उभी राहते ती लग्नाची वरात. इंग्रजीत व्यापक असलेला हा शब्द मराठीत येताना असा आकसला, की नव्या अर्थासाठी त्याला 'रॉक' हे विशेषण जोडावे लागते. ('बँड वाजणे' या वाक्प्रचारात तर वाद्यही उरले नाही, उरली ती फजिती.) समूहगायनासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती : भजनी मंडळ, फड, मेळा, पथक. हे शब्द मात्र स्पर्धेच्या मंचावर फारसे आले नाहीत, कारण तेथे समूह नव्हे, 'स्पर्धक' हवा होता.

तरीही समूहाची भूक प्रेक्षकांनी आपल्या परीने भागवली. २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स' पर्वात कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत अंतिम फेरीत पोहोचले. विजेती कार्तिकी ठरली. लोकांनी मात्र पाचही जणांना 'पंचरत्न' या एकाच नावात गुंफले. पुढे २०२१ च्या पर्वात हीच पाच मुले परीक्षण करणाऱ्यांच्या खुर्चीत बसली. साथीला असलेले संगीत संयोजक कमलेश भडकमकर, बासरीवादक अमर ओक, तालवादक नीलेश परब यांचीही नावे घराघरांत माहीत झाली. माझ्या मते मराठी दूरचित्रवाणीने घडवलेला 'बँड' शोधायचाच असेल, तर तो येथे सापडतो.

या कार्यक्रमाशी जोडला गेलेला शब्दप्रयोग म्हणजे 'वरचा सा'. संगीतात तो तार सप्तकातील षड्ज. परीक्षक गुणांऐवजी स्वर देत, तेव्हा तो सर्वोच्च दाद ठरला. स्वराची उंची दर्जाच्या उंचीसाठी वापरली गेली. 'वरचा वर्ग' म्हणणाऱ्या मराठीला हे रूपक सहज पचले. याउलट 'वरच्या पट्टीत बोलणे' यात मात्र कौतुक नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या लाभाची दुसरी बाजूही आहे. नव्या पिढीच्या कानांवर जुनी गाणी पडली, पण नवे कवी आणि नवे संच त्या मंचावर क्वचितच घडले. खेड्यातील भजनी मंडळातून एक आवाज निवडला जातो. टाळकरी, मृदंगवादक आणि मागे धरणारे मागेच राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही.

उपक्रम : आपल्या गावातील तीन पिढ्यांच्या प्रत्येकी दोन व्यक्तींना 'बँड', 'पार्टी', 'मंडळ' आणि 'ग्रुप' हे शब्द गाण्याबजावण्याच्या संदर्भात कसे वापरता, असे विचारा. त्यांची वाक्ये प्रमाणभाषेत न बदलता, बोलली तशीच उतरवा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ कोणत्या पिढीत आकसला वा विस्तारला, ते वाक्यांच्या आधारे दाखवा.