उंटाचे पिल्लू: रोजचे ३०० ग्रॅम की ६००?

जन्मतः उंटाचे पिल्लू साधारण ३५ ते ४० किलोचे असते. नुसत्या रानातल्या चराईवर ते दिवसाला सुमारे २०० ते ४०० ग्रॅम वाढते. चारा आणि खुराक पुरेसा मिळाला तर ५०० ग्रॅमच्या पुढे जाते. हिशेब करून पाहा: ३८ किलोचे पिल्लू रोज ३०० ग्रॅमने वाढले तर वर्षाला १४८ किलो भरते, ६०० ग्रॅमने वाढले तर २५७ किलो.

या १०९ किलोंना मोल आहे. भारतात २०१२ च्या पशुगणनेत ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. मादी पूर्ण वाढीच्या सुमारे ७० टक्के वजनाला आली की तिला फळवतात. पण उंटांचा माज हिवाळ्यापुरताच असतो. वजन काही आठवड्यांनी मागे राहिले की अख्खे वर्ष वाया जाते. त्यातून गाभणकाळ १३ महिन्यांचा आणि दोन वेतांत दोन वर्षांचे अंतर, म्हणजे कळप भरून यायला आणखी उशीर.

वाढ पहिल्यांदा अडते ती सडाशी. राजस्थानात रायका पशुपालकांच्या कळपात सांडणी दिवसाला चार-सहा लिटर दूध देते. पिल्लू जवळ असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. चारपैकी दोन सड पिल्लाला ठेवण्याची चाल आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला दोन-तीन लिटर. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध, हा वासरांचा ठोकताळा लावला तर जन्मानंतर लगेचच चार लिटर लागतात. काही ठिकाणी चीक हगवण लावतो म्हणून तो पाजतच नाहीत. हे मला फार घातक वाटते. उंटात आईची रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून गर्भापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. ती चिकातूनच मिळतात, तीही पहिल्या दिवसाच्या आत.

दूध तुटल्यावर खेजडी आणि बोरीचा पाला असेपर्यंत निभते. उन्हाळ्यात रान वाळले की वाढ थांबते. पूर्ण बंदिस्त पालनात ती थांबत नाही, पण चाऱ्याचा सगळा खर्च मालकावर पडतो आणि थोड्या उंटांच्या कुटुंबाला तो पेलत नाही. म्हणून मला अर्धबंदिस्त पद्धतच शहाणपणाची वाटते: दिवसा चराई, संध्याकाळी दावणीला गवारीचे किंवा मटकीचे भुसकट आणि दूध तुटल्यानंतरच्या महिन्यांत थोडा खुराक. पैसा कमी असेल तर तो याच महिन्यांत घालावा. कालव्याची शेती, कुंपणे आणि सौर प्रकल्प यांनी चराईची राने आक्रसली आहेत, त्यामुळे संध्याकाळच्या दावणीचे महत्त्व वाढतच जाणार.

दुधाला बाजार मिळाल्याने पिल्लाचा वाटा आणखी ताणला जातो. २०१९ मध्ये अमूलने अर्धा लिटर उंटाचे दूध ५० रुपयांना बाजारात आणले. पिल्लाला रोज दोन लिटर जास्त पाजले, तर शंभर दिवसांत त्या भावाने २०,००० रुपयांचे दूध जाते. पशुपालकाला भाव यापेक्षा कमी मिळतो, तरी त्याच्यासाठी रक्कम मोठीच. राजस्थान सरकारने २०१६ मध्ये पिल्लामागे १०,००० रुपये हप्त्यांनी देण्याची योजना काढली होती. अशा मदतीचा शेवटचा हप्ता पिल्लाच्या वजनाशी जोडावा. त्यासाठी तांड्यावर वजनकाटाही न्यावा लागत नाही: छातीचा घेर, मदारीवरून घेतलेला पोटाचा घेर आणि खांद्याची उंची टेपने मोजली की वजनाचा कामापुरता अंदाज येतो.