वृद्ध युवराज

शाळेंत समास शिकवितांना 'युवराज' या शब्दाचा विग्रह आम्ही 'युवा असा जो राजा तो' असा सांगत असूं. मुलें तो पाठ करीत आणि पुढच्या शब्दाकडे वळत. त्या दोन पदांत एक सबंध राजनीति भरलेली आहे हें शिकणाऱ्यांच्या काय किंवा शिकविणाऱ्याच्या काय, क्वचितच ध्यानांत येई. राजा उतारवयास लागला म्हणजे तरुण पुत्रास यौवराज्याभिषेक करावा, राज्यभाराचा कांहीं अंश त्याच्या खांद्यावर द्यावा, आणि तो त्यास पेलतो असें दिसलें कीं आपण वनाची वाट धरावी, अशी आपल्या पूर्वजांची कल्पना होती. रघुवंशांतील दिलीप राजा तरुण रघूच्या हातीं श्वेतच्छत्र सोंपवून सुदक्षिणेसह तपोवनांत जातो. त्यांत कांहीं अलौकिक घडलें असें कवि दाखवीत नाहीं. उतारवयांत या कुळाची रीतच ती, एवढेंच तो सांगतो.

आतां दिलीप वनांत गेलाच नाहीं अशी कल्पना करा. रघूचे केस पिकले, त्यास नातवंडें झालीं, तरी दरबारांत त्याचें नांव 'युवराज' तें 'युवराज'च राहिलें. काव्यांत असें घडलें नाहीं, पण इंग्लंडच्या राजघराण्यांत तें दोनदां घडलें. व्हिक्टोरिया राणींचे ज्येष्ठ पुत्र एडवर्ड हे ५९ वर्षांचे होऊन गादीवर आले. आणि त्यांच्या पणतीचे पुत्र चार्ल्स हे ७३ वर्षांचे होऊन.

नोकरींतला मनुष्य बढतीची वाट पाहतो, शेतकरी पावसाची वाट पाहतो. त्यांत लपविण्याजोगें कांहीं नसतें. युवराजाच्या वाट पाहण्याची जात निराळी. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें राज्य करणाऱ्या आईचा शेवटचा श्वास आणि पुत्राच्या राज्याचा पहिला क्षण हे एकच. म्हणून 'माझें काम केव्हां सुरू होणार' हा साधा प्रश्नहि त्यास मोठ्यानें विचारतां येत नाहीं. कारण त्याचा दुसरा अर्थ 'आई केव्हां जाणार' असा होतो. इकडे सिंहासनावरील वृद्धासहि पुत्राकडे पाहिलें कीं स्वतःच्या मरणाची आठवण होते. कौटिल्यानें राजपुत्रांविषयीं एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें असून, राजपुत्र हे खेकड्यांप्रमाणें जन्मदात्यासच खाणारे होत, हें भारद्वाजाचें मत त्यांत नमूद केलें आहे. कौटिल्याचा स्वतःचा कौल मात्र राजपुत्रास दडपण्याच्या बाजूनें नाहीं. तो त्यास नीट शिकविण्याच्या बाजूनें आहे.

एडवर्ड यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८४१ चा. महिन्याभरांतच त्यांस 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही पदवी मिळाली. पिता आल्बर्ट यांनीं त्यांच्या शिक्षणाचा मोठा कडक आराखडा आंखला. आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा-सात तास अभ्यास. समवयस्क मुलांचा सहवास जवळजवळ नाहींच. मुलगा चिडे, आदळआपट करी आणि पुस्तकांस कंटाळे. ज्यानें आयुष्य वर्गांत घालविलें त्यास या हकीकतीचें नवल वाटणार नाहीं. या मुलाची बुद्धि पुस्तकांत चालत नसे, माणसांत चालत असे. फ्रेंच व जर्मन या भाषा त्यास उत्तम येत. आणि १८६० सालीं कॅनडा व अमेरिकेंत पाठविलें, तेव्हां अठरा वर्षांच्या या राजपुत्रानें तेथील लोकांचीं मनें जिंकून घेतलीं.

पुढच्याच वर्षीं, १४ डिसेंबर १८६१ रोजीं, आल्बर्ट वारले. त्याच्या थोडें आधीं पुत्राच्या एका गैरवर्तनाची वार्ता कानीं येऊन पित्यास फार क्लेश झाले होते. त्या क्लेशानेंच आपला पति गेला अशी राणींची समजूत झाली, आणि ती पुढें कित्येक वर्षें त्यांच्या मनांतून गेली नाहीं. त्या शोकवस्त्रें धारण करून एकांतांत राहूं लागल्या. कोनशिला बसविणें, पाहुण्यांस मेजवान्या देणें हीं कामें युवराजांकडे आलीं. पण राज्यकारभाराचे कागद मात्र त्यांच्यापासून दूरच ठेवण्यांत आले. पुत्राच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं, असें राणींचें मत होतें. १८८६ मध्यें परराष्ट्रमंत्री लॉर्ड रोझबेरी यांनीं आपल्या खात्याचे कागद त्यांस दाखविण्यास आरंभ केला. मंत्रिमंडळाचे कांहीं कागद पाहावयास मिळूं लागले ते १८९२ पासून. तोंवर युवराज पन्नाशी ओलांडून आजोबा झाले होते.

मग वेळ जावा कसा? शर्यती, शिकार, पत्ते, मेजवान्या. १८७० सालीं एका घटस्फोटाच्या खटल्यांत, आणि १८९१ सालीं पत्त्यांच्या डावांतून निघालेल्या एका अब्रुनुकसानीच्या खटल्यांत, युवराजांस साक्षीदार म्हणून न्यायालयांत उभें राहावें लागलें. जो असा वागतो त्याच्या हातीं राज्याचे कागद कसे द्यावे, हा राणींचा प्रश्न. हातीं कागद नाहींत म्हणून तर हातीं पत्ते आले, असें पुत्रासहि म्हणतां आलें असतें. न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय म्हणतात. जबाबदारी नाहीं म्हणून लायकी येत नाहीं, आणि लायकी नाहीं म्हणून जबाबदारी मिळत नाहीं. हें चक्र ज्याच्या हातीं सत्ता असते त्यानेंच तोडावयाचें असतें; दुसऱ्याच्या हातून तें तुटत नाहीं.

या युवराजांचा आपल्या प्रांताशीं थोडा संबंध आला. ८ नोव्हेंबर १८७५ रोजीं ते मुंबईस उतरले, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांस ३४ वर्षें पूर्ण झालीं. त्याच दौऱ्यांत ते बडोद्यास गेले. तेथील महाराज सयाजीराव गायकवाड त्या वेळीं १२ वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या साध्या शेतकरी घरांतून त्याच वर्षाच्या मे महिन्यांत ते दत्तक येऊन गादीवर बसले होते. १८८१ त, वयाच्या अठराव्या वर्षीं, सर्व अधिकार त्यांच्या हातीं आले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापासून गांवोगांवच्या ग्रंथालयांपर्यंत त्यांनीं पुढें काय केलें हें मराठी वाचकांस सांगावयास नको. सयाजीराव राज्य करणें राज्य करतां करतां शिकले. त्यांच्या पाहुण्यास ती शाळा आणखी पंचवीस वर्षें बंद राहिली. वास्तविक या पाहुण्याचे डोळे उघडे होते. हिंदी लोकांशीं गोरे अधिकारी ज्या उद्धटपणानें वागत तो पाहून त्यांनीं विलायतेस तक्रारीचीं पत्रें धाडलीं. पण चार महिने हा देश हिंडलेल्या या पुत्रास, आपली आई हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेणार आहे, हें १८७६ त कोणीं आगाऊ कळविलेंहि नाहीं.

त्या भेटीचें स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनीं दिलेला युवराजांचा अश्वारूढ पुतळा १८७९ त मुंबईच्या कोटांत उभा राहिला. पुतळा युवराजांचा, पण लोकांनीं लक्षांत ठेवला तो घोडा, आणि त्या जागेचें नांव पडलें 'काळा घोडा'. १९६५ त तो पुतळा तेथून हलवून पुढें भायखळ्यास राणीच्या बागेंत ठेवण्यांत आला. २०१७ सालीं काळ्या घोड्याच्या परिसरांत नवा घोडा उभारला, त्याच्या पाठीवर स्वारच नाहीं. रिकिबींत पाय घालून ज्याचें आयुष्य गेलें त्याचें याहून बोलकें स्मारक मुद्दाम म्हणून कोणास सुचलें नसतें.

२२ जानेवारी १९०१ रोजीं राणी वारल्या. ज्यास आईनें अपात्र मानिलें होतें त्यानें नऊ वर्षें राज्य केलें, आणि तें चांगलें केलें. १९०३ सालीं ते पॅरिसला गेले तेव्हां रस्त्यांतून प्रथम हेटाळणीचे आवाज उठले. निघतेवेळीं त्याच रस्त्यांतून जयघोष झाला. दुसऱ्या वर्षीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत स्नेहाचा करार झाला. करार मंत्र्यांनीं केला हें खरें, पण त्यास लागणारी हवा राजानें तयार केली. रिकाम्या वर्षांत जोडलेल्या ओळखी आणि लहानपणीं आलेल्या भाषा तेथें उपयोगीं पडल्या. मग अशा मनुष्यास चाळिसाव्या वर्षीं काम दिलें असतें तर काय बिघडतें, हा विचार मनांत येतोच. ६ मे १९१० रोजीं ते वारले.

त्यांचे मेहुणे, जर्मनीचे युवराज फ्रेडरिक, यांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. ते १८६१ पासून वारस होते. त्यांचीं मतें उदार होतीं, आणि ते गादीवर येतील तेव्हां राज्यकारभारास निराळें वळण लागेल अशी तेथील अनेक सुशिक्षितांस आशा होती. पिता विल्हेल्म नव्वदी गांठून ९ मार्च १८८८ रोजीं वारले. त्या वेळीं पुत्राच्या घशांत कर्करोग बळावला होता. श्वासासाठीं नळी बसविलेली, वाचा गेलेली. चिठ्ठ्या लिहून त्यांनीं राज्य केलें, तें ९९ दिवस. सत्तावीस वर्षें वाट पाहून जें हातीं आलें तें एवढें.

चार्ल्स यांची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं आजोबा वारले व आई राणी झाली, तेव्हां ते तीन वर्षांचे होते. तेथून सत्तर वर्षें ते वारस राहिले. पणजोबांच्या वडिलांचा उच्चांक एप्रिल २०११ मध्येंच मागें पडला. पण या युवराजांनीं एक निराळी गोष्ट केली. काम कोणीं देण्याची वाट न पाहतां त्यांनीं तें शोधून काढलें. १९७६ सालीं आरमारांतील नोकरी संपली, तेव्हां मिळालेल्या पैशांतून बेकार व वाट चुकलेल्या तरुणांसाठीं त्यांनीं संस्था काढली. १३३७ सालापासून युवराजाच्या चरितार्थासाठीं राखून ठेवलेली कॉर्नवॉलची जहागीर त्यांच्याकडे होती. तिच्या डॉर्चेस्टरनजीकच्या जमिनीवर १९९३ पासून त्यांनीं पौंडबरी ही नवी वस्ती वसविली. प्लॅस्टिकच्या कचऱ्याविषयीं ते १९७० सालीं बोलले, तेव्हां लोकांस तें विक्षिप्तपणाचें वाटलें. मंत्र्यांस ते पत्रें लिहीत, आणि न्यायालयाच्या निकालानें २०१५ त त्यांतील कांहीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां युवराजानें राजकारणांत लुडबुड कां करावी अशी टीका झाली. टीका अगदींच गैरवाजवी नव्हती. पण साठीच्या पुढें गेलेल्या मनुष्याच्या हातीं सूचना करण्यापलीकडे कांहींच नसावें, हेंहि विचार करण्यासारखें आहे. २००३ सालीं मुंबईस आले असतां त्यांनीं डबेवाल्यांची भेट घेतली. ती आपल्या कामाच्या वेळेच्या सोयीनें झाली, हें डबेवाले आजहि अभिमानानें सांगतात. वाट पाहण्याचा एवढा अभ्यास असलेल्या पाहुण्यास त्यांत कांहीं जड गेलें नसावें. १९०५ च्या नव्हे, २००५ च्या विवाहास त्यांनीं दोघां डबेवाल्यांस आमंत्रण दिलें, हें त्या भेटीचें फळ.

१० मे २०२२ रोजीं पार्लमेंट उघडण्यास वृद्ध राणीस येववेना. पुत्रानें जाऊन भाषण वाचलें. राजमुकुट शेजारीं उशीवर ठेवलेला होता. त्यानंतर चार महिन्यांनीं, ८ सप्टेंबरला, तो त्यांचा झाला. आणि राज्याभिषेकास वर्षहि पुरें झालें नाहीं तोंच, फेब्रुवारी २०२४ मध्यें, त्यांस कर्करोग असल्याचें जाहीर झालें.

युरोपांतील सर्वच घराण्यांत असें होत नाहीं. हॉलंडच्या विल्हेल्मिना राणीनें १९४८ त, तिच्या मुलीनें १९८० त आणि नातीनें २०१३ त हयातींतच गादी सोडली. डेन्मार्कच्या मार्गरेट राणीनें जानेवारी २०२४ मध्यें तेंच केलें. आपण ज्यास दिलीपाची रीत म्हणतों ती अशी दुसऱ्यांच्या घरीं नांदत आहे.

आणि आपल्या घरीं? गादी फक्त राजवाड्यांतच असते असें नाहीं. ती कोठीच्या किल्ल्यांत असते, जमाखर्चाच्या वहींत असते. पन्नाशीची सून सासूबाईंस विचारल्यावांचून डब्यांतले लाडू बाहेर काढीत नाहीं, हें आपण विनय म्हणून वाखाणतों. माझा मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे. कचेरींत त्याच्या सहीनें मोठमोठ्या रकमा फिरतात; घरीं मात्र वाण्याचें बिल देण्यापूर्वीं तो माझ्याकडे येत असे. त्यास घरचा व्यवहार कळत नाहीं असें मी चारचौघांत म्हणत असें. व्हिक्टोरिया राणींचें चरित्र वाचतांना तें वाक्य मला त्यांच्या तोंडीं ऐकूं आलें आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलों.

गेल्या पाडव्यास वही त्याच्या हातीं दिली. पहिल्या महिन्यांत बेरीज दोन ठिकाणीं चुकली. बोलण्याचा मोह फार झाला, बोललों नाहीं. दुसऱ्या महिन्यांत ती चूक त्याची त्यानेंच धरली. आतां वही त्याच्या टेबलावर असते. पाहावीशी वाटली तर मी त्यास विचारून पाहतों.