जालिंदरनगरचा पट

चिखलीच्या शाळांना मुलांची ददात नाही. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. कारखान्यांत राबणाऱ्यांची बिऱ्हाडं इथं उतरत राहिली आणि त्यांची पोरं वर्गात. इंद्रायणी ओलांडून चाकणच्या पुढे खेड तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर गेलं की चित्र पालटतं. तिथल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट एके काळी ३ वर आला होता. शाळा बंद पडणार, असंच सगळे धरून चालले होते.

२०२२ मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी या शाळेवर रुजू झाले. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांच्यामुळे आधीच नावारूपाला आली होती. ग्रामस्थ आणि पालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पट ३ वरून १२० च्या घरात गेला. २०२५ मध्ये 'टी-फोर एज्युकेशन' या लंडनच्या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत, लोकांच्या मतांवर ठरणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार या शाळेनं जिंकला.

पुरस्काराचं कौतुक आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती इथली 'विषयमित्र' पद्धत. वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात. दुसरीतल्या मुलाचं वजाबाकीत अडलं, बावन्नातून सतरा घालवताना दोनातून सात जाईनात, की चौथीतली मुलगी शेजारी बसते. दशकाची एक जुडी सोडायला लावते, सुट्या काड्या मोजून घेते. त्याला उमगतं आणि समजावता समजावता तिचंही पक्कं होतं.

छोट्या शाळेवरचा नेहमीचा आक्षेप काय असतो? शिक्षक एक-दोन, वर्ग चार, सगळी मुलं एकाच खोलीत. जालिंदरनगरनं नेमकी हीच अडचण शिकवण्याची रीत करून टाकली. म्हणूनच पट कमी म्हणून शाळा मोडीत काढणं मला पटत नाही. पालक मुलांना काढतात म्हणून पट घसरतो आणि ते का काढतात, हे शोधायची तसदी क्वचितच घेतली जाते.

शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. तरीही २०२३ मध्ये राज्यानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चा, म्हणजे जवळपासच्या छोट्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचा मार्ग पुढे आणला. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचा नमुना समोर ठेवला. इतक्या कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या. गाडीची सोय केली तरी सहा वर्षांच्या लेकराला रोज डोंगर उतरून पाठवायला आईचं मन धजत नाही. मुलीचं नाव तर घरातून आधी कटतं.

वारे गुरुजी प्रत्येक वाडीला मिळणार नाहीत, हे खरंच. पण विषयमित्र घडवायला खास गुरुजी लागत नाहीत. धीर आणि तयारी लागते, ती प्रशिक्षणातून येते. पट घसरलेल्या शाळेवर अशी तयारी असलेले दोन शिक्षक द्यावेत, दोन-तीन वर्षं त्यांची बदली करू नये, गावाला सोबत घ्यावं. कुलूप लावायचं की नाही, ते त्यानंतर ठरवावं.