भोपाळच्या चौकातील व्याळू

सायंकाळच्या भोजनास मराठीत व्याळू म्हणतात. 'विकाल' म्हणजे दिवस कलण्याची वेळ. तिच्यावरून हा शब्द आला. बुंदेलखंडाकडून भोपाळात येऊन स्थायिक झालेले आमचे जैन बंधू याच भोजनास 'अंथऊ' म्हणतात. नाव कोणतेही असो, सूर्यास्तापूर्वी ताट उचलले जावे हा नियम एकच. स्वामी समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त श्रावकाच्या 11 प्रतिमा सांगितल्या. त्यांतील सहावी रात्रिभुक्तिविरतीची आहे.

नियम सोपा, पण दुकानदाराला घड्याळ अवघड. भोपाळात जूनअखेर सूर्य सुमारे 7 वाजून 10 मिनिटांनी मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मात्र 5 वाजून 35 मिनिटांच्या सुमारासच. जे श्रावक सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, आधी मुखशुद्धी करतात त्यांना त्या दिवसांत पावणेपाचलाच हात धुवावे लागतात. मुंबईहून आलेल्या सुनेस पहिल्या हिवाळ्यात हे हटकून चुकते, कारण तिच्या माहेरी सूर्य त्या वेळी सुमारे 25 मिनिटे अधिक रेंगाळतो. पंचांग हाताशी असले तरी ते भोपाळचे आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

आणि गिऱ्हाईक कधी येते? नेमके तेव्हाच. खेड्यापाड्यांतून लग्नाची खरेदी करण्यास आलेली मंडळी दिवसभर फिरून चार-पाचच्या सुमारास कापडाच्या गादीवर बसतात. आमच्या तीर्थरूपांच्या वेळची गोष्ट. मार्गशीर्षातील दिवस होता, दहा-बारा साड्या उलगडलेल्या होत्या आणि घरून आलेला डबा तसाच कोनाड्यात होता. वडिलांनी हात जोडून पंधरा मिनिटांची रजा मागितली. ती मंडळी उठली आणि समोरच्या दुकानात गेली. त्या रात्री आमच्या घरी कोणी फारसे बोलले नाही. आम्ही तेव्हा तरुण होतो. वडिलांचा आम्हांस राग आला होता, हे येथे लपवीत नाही.

पुढे त्यावर तोड निघाली, ती शेजाऱ्यामुळे. जामा मशिदीच्या सावलीतला आपला चौक. कुदसिया बेगमेने उभारलेल्या त्या मशिदीभोवती जैन आणि मुसलमान व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या खांद्याला खांदा लावून बसत आले. शेजारचे मियाँ वडिलांना म्हणाले, "सेठजी, आप खाना खा लीजिए, गद्दी हम देख लेंगे." त्या दिवसापासून वडील व्याळूला बसले की ते आमचे गिऱ्हाईक सांभाळीत, आणि रमजानात ते रोजा सोडण्यास गेले की आम्ही त्यांचे. एकाच सूर्यास्ताला एकाचे भोजन संपते आणि दुसऱ्याचे आरंभते, त्यामुळे हा करार कधी अडला नाही. रायसेनच्या किल्ल्यावरून रमजानात तोफ उडविण्याची चाल आजही आहे. चौकात मात्र मशिदीची बांगच ऐकावी लागते.

डब्यात काय असे, हेही सांगितले पाहिजे. सिहोरकडील शरबती गव्हाच्या पोळ्या, मुगाची डाळ, एखादी फळभाजी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून गट्टे किंवा पापडाची भाजी. कांदा, लसूण, बटाटा यांचा प्रश्नच नाही. पण खरा कस लागतो तो कढीचा. कच्च्या गोरसाशी द्विदल चालत नाही, म्हणून अनेक घरांत ताक आधी चांगले तापवून मगच त्यात बेसन घालतात. घाईत ताक फाटते. आमच्या मातुःश्रींची कढी कधी फाटली नाही. त्यासाठी त्या दुपारी तीनपासून चुलीशी असत. पुरुषांच्या नियमाचे अर्धे ओझे असे स्वयंपाकघराने वाहिले आहे, याची नोंद आमच्या स्मरणिकांत क्वचितच होते.

1956 साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही आली. त्यांच्यातील जैन नोकरदारांना गादी नव्हती, शेजारचे मियाँही नव्हते. कित्येकांनी चातुर्मासापुरता नियम पाळला. त्यांना आम्ही उणे लेखीत नाही.

आता आमचा नातू गादीवर बसतो. परवा त्याचा डबा पाच वाजेपर्यंत न उघडलेला पाहिला. आम्ही काही बोललो नाही; फक्त उठून त्याच्या जागी बसलो आणि समोरच्या बाईंना पैठणीचा पदर दाखवू लागलो. तो आत जाऊन जेवला. साडी विकली गेली नाही.