कंपवात आणि अंगावर वापरावयाची कंपन-उपकरणे : कार्यतत्त्व, मर्यादा व खानदेशातील वास्तव

प्रस्तावना

हात थरथरू लागले, पाऊल अडखळू लागले, अक्षर बारीक होत गेले की 'आता वय झाले' असे म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वास्तविक ही वार्धक्याची अपरिहार्य खूण नसून अनेकदा कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स या मेंदूच्या विकाराची लक्षणे असतात. गेल्या काही वर्षांत या विकाराच्या रुग्णांसाठी छातीवर, मनगटावर किंवा बोटांवर घालावयाची कंपन निर्माण करणारी छोटी उपकरणे परदेशात विकसित झाली आहेत. त्यांच्या चित्रफिती मोबाईलद्वारे खेड्यापाड्यांतील घरांतही पोहोचतात. थरथरणारा हात उपकरण लावताच स्थिरावलेला पाहून कोणत्याही मुलाला आपल्या वडिलांसाठी ते मागवावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

हे उपकरण नेमके काय करते, त्यास शास्त्रीय आधार किती आहे आणि जळगाव-धुळे परिसरातील रुग्णाला त्याचा उपयोग कितपत होईल, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विज्ञान, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र तसेच मानव्यविद्या शाखांतील प्राध्यापकांना या विषयात काय करता येईल, हेही शेवटी पाहावयाचे आहे.

कंपवाताचे स्वरूप

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा ११ एप्रिल हा जन्मदिवस आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आयुर्वेदात 'कंपवात' ही संज्ञा त्याआधीपासून प्रचलित आहे.

मध्यमेंदूतील सबस्टान्शिया नायग्रा या भागातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग राखणे आणि ती योग्य वेळी थांबविणे यासाठी हे रसायन आवश्यक असते. या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि त्यांचा मोठा भाग नष्ट झाल्यावरच लक्षणे उघडपणे दिसू लागतात. विश्रांतीच्या अवस्थेत हाताला सेकंदाला सुमारे ४ ते ६ आवर्तनांचा कंप येणे, हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे आणि तोल जाणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. प्रत्येक रुग्णास कंप असतोच असे नाही. किंबहुना चालता चालता पाय जणू जमिनीला चिकटणे हे लक्षण कंपापेक्षा अधिक घातक ठरते, कारण त्यातून रुग्ण पडतो आणि हाड मोडते.

लेव्होडोपा हे या विकारावरील मुख्य औषध होय. १९६० च्या दशकात ते उपचारात आले. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांमधून हेच द्रव्य वेगळे केले होते, ही बाब आपल्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तथापि बियांच्या चूर्णातील द्रव्याचे प्रमाण निश्चित नसल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्याचा वापर करणे सुरक्षित नाही. लेव्होडोपा मेंदूतील पेशींचा नाश थांबवीत नाही, ते केवळ उणीव भरून काढते. काही वर्षांनंतर दोन गोळ्यांच्या मधल्या काळात त्याचा परिणाम ओसरू लागतो. औषधाव्यतिरिक्त साधनांचा शोध घेतला जातो तो प्रामुख्याने या मधल्या तासांसाठी.

शार्को यांची खुर्ची

कंपनाने कंपवात शमविण्याची कल्पना नवी नाही. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तें शार्को यांना असे आढळले, की रेल्वेने किंवा घोडागाडीने लांबचा प्रवास करून आलेले कंपवाताचे रुग्ण त्या दिवशी बरे वाटत असल्याचे सांगत. त्या निरीक्षणावरून त्यांनी विजेवर हलणारी खुर्ची तयार करविली. रुग्णांना तीत नियमाने बसविले जाई. त्यांना अंग हलके वाटे, झोप चांगली लागे. कंपावर मात्र विशेष परिणाम दिसत नसे. १८९२ साली शार्को यांनी या उपचारावर व्याख्यान दिले आणि १८९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे हा प्रयोग पुढे मागे पडला. भुसावळ जंक्शनच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस रेल्वेप्रवासाचा हा संदर्भ जवळचा वाटावा. पण निरीक्षण म्हणजे सिद्धता नव्हे, हा धडा याच प्रयोगातून पुढे मिळाला.

आजची उपकरणे व त्यांचे कार्यतत्त्व

या उपकरणांच्या गाभ्याशी बहुधा मोबाईलमध्ये असते तशीच लहानशी मोटर असते. तिच्या आसावर वजन एका बाजूला बसविलेले असल्याने ती फिरताच हादरे निर्माण होतात. काही उपकरणांत ध्वनिवर्धकासारखी रचना वापरून कंपनाची वारंवारता अधिक काटेकोरपणे ठरविली जाते. आज चर्चेत असलेल्या उपकरणांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार मनगटावरील उपकरणाचा. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक हैयान झांग यांनी २०१६ साली एमा लॉटन या कंपवातग्रस्त आरेखनकार महिलेसाठी असे एक घड्याळ तयार केले. ते घातल्यावर तिला पुन्हा सरळ रेघ काढता आली व स्वतःचे नाव लिहिता आले. ते एका व्यक्तीसाठी केलेले साधन होते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

दुसरा प्रकार छातीच्या मध्यभागी चिकटवावयाच्या चकतीचा. इंग्लंडमधील चार्को न्यूरोटेक या कंपनीने 'क्यू-वन' हे उपकरण विकसित केले असून कंपनीचे नावच शार्को यांच्यावरून घेतले आहे. ठरावीक लयीतील हादऱ्यांनी रुग्णाला हालचालीचा ठेका मिळावा, ही त्यामागील कल्पना आहे.

तिसरा प्रकार बोटांवर चढवावयाच्या मोज्याचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पीटर टास यांच्या गटाने त्यावर काम केले आहे. कंपवातात मेंदूच्या खोल भागातील पेशींचे समूह गरजेपेक्षा जास्त एकतालात उद्दीपित होतात. बोटांच्या टोकांना सुमारे २५० हर्ट्झचे अल्पकालीन हादरे विशिष्ट क्रमाने देऊन हा घातक एकताल मोडता येईल, असे या गटाचे गृहीतक आहे. त्वचेतील पॅसिनी कणिका याच पट्ट्यातील कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यामुळे ही वारंवारता निवडण्यास शरीरशास्त्रीय आधार आहे.

थोडक्यात, दुसऱ्या प्रकारात रुग्णाला लय पुरवावयाची असते, तर तिसऱ्या प्रकारात मेंदूतील अनिष्ट लय मोडावयाची असते. 'कंपन' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न तत्त्वे वावरत आहेत. जाहिरातींमध्ये हा भेद पुसला जातो.

पुराव्याची कसोटी

स्टॅनफर्ड गटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी मोजक्याच रुग्णांवरील होते. छातीवरील उपकरणाचे प्राथमिक अभ्यासही लहान प्रमाणावरील आहेत. याउलट शिकागो येथील रश विद्यापीठातील कपूर, स्टेबिन्स व गोट्झ यांनी २०१२ मध्ये शार्को यांच्या खुर्चीचीच आधुनिक पद्धतीने परीक्षा घेतली. २३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास कंपनासह, तर दुसऱ्यास कंपनाविना उपचार देण्यात आला. दोन्ही गटांत थोडी सुधारणा झाली, पण दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सुधारणा खरी होती, मात्र तिचे श्रेय कंपनाला देता येत नव्हते.

याचे कारण कंपवाताच्या स्वरूपातच आहे. आपल्यावर उपचार होत आहेत या अपेक्षेनेच कंपवातग्रस्ताच्या मेंदूत डोपामिन स्रवते, हे कॅनडातील संशोधकांनी २००१ साली मेंदूच्या प्रतिमांद्वारे दाखविले. म्हणून उपकरण लावल्यावर आलेला गुण हा रुग्णाचा भ्रम किंवा ढोंग नव्हे. परंतु तो टिकेल का आणि मोजलेल्या किमतीच्या योग्यतेचा आहे का, हे तुलनात्मक चाचणीशिवाय कळत नाही. एका चित्रफितीतील एक हात हा पुरावा ठरू शकत नाही.

लय आणि संकेत : महाराष्ट्रातील प्रयत्न

पाय अडकलेल्या रुग्णाला बाहेरून संकेत मिळाला तर तो चालू शकतो, ही गोष्ट मात्र तुलनेने चांगली प्रस्थापित आहे. मेंदूची अंतर्गत लय बिघडलेली असली तरी डोळ्याने दिसणाऱ्या, कानाने ऐकू येणाऱ्या किंवा त्वचेला जाणवणाऱ्या संकेताच्या आधारे हालचाल अन्य मार्गाने सुरू होते, असे मानले जाते.

याचे बोलके उदाहरण आपल्याच राज्याशी निगडित आहे. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या नात्यातील एका वडीलधाऱ्या कंपवातग्रस्ताचे निरीक्षण केले. सपाट जमिनीवर आधार घेऊन अडखळत चालणारी ही व्यक्ती जिना मात्र सहज चढत-उतरत होती. त्यावरून सोनेजी यांनी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र तयार केले आणि त्यावरून ती व्यक्ती न अडखळता चालू लागली. २०१५ सालच्या त्यांच्या व्याख्यानाने हा प्रयोग जगभर पोहोचला. त्यात मोटर नव्हती, बॅटरीही नव्हती.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे नातलग, यांना एकत्र आणते. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात कंपवातग्रस्तांसाठी नृत्यवर्ग चालविले. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आधारगटांच्या माध्यमातून काम करते. लय, व्यायाम आणि सोबत हे या सर्व प्रयत्नांचे समान सूत्र होय.

खानदेशातील वास्तव

जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही रावेर, चोपडा, साक्री किंवा शिरपूर तालुक्यांतील दुर्गम गावच्या रुग्णाला मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी दिवस मोडावा लागतो. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. अशा कुटुंबाने उपकरणासाठी कर्ज काढण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे. लेव्होडोपा व कार्बिडोपाचे संयुक्त औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. उपकरण आले म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण तीव्र ताप व ताठरता येऊन रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते. हृदयात पेसमेकर किंवा मेंदूत विद्युत-उद्दीपक बसविलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतेही उपकरण लावू नये.

खानदेश हा कापूस व केळीचा प्रदेश आहे. पॅराक्वॉटसारखी तणनाशके व रोटेनॉनसारखी कीटकनाशके यांचा कंपवाताशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांमधील कंपवात हा येथील संशोधकांनी हाती घ्यावा असा विषय आहे.

खर्चाविना करता येण्याजोगे उपायही पुष्कळ आहेत. ओट्यापासून मोरीपर्यंत जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्टे आखता येतात. मोबाईलवर ठेका लावता येतो, टाळीच्या तालावर चालता येते. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठास २०१८ साली देण्यात आले, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी जात्यावर व शेतात काम करता करता गाणी रचली. श्रम आणि लय यांची ही जोड खानदेशातील वृद्ध स्त्रियांच्या अजून अंगवळणी आहे. फिजिओथेरपीतज्ज्ञांनी परकीय संगीताऐवजी ओवी व भजनाचा ठेका वापरून पाहिल्यास रुग्णांचा प्रतिसाद अधिक मिळण्याची शक्यता आहे.

महाविद्यालयांची भूमिका

कंपन-मोटर, सूक्ष्मनियंत्रक व बॅटरी हे सुटे भाग बाजारात मिळतात आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून असे साधन सहज बनवू शकतात. बनविणे सोपे आहे, सिद्ध करणे अवघड आहे. त्यामुळे काही पथ्ये आवश्यक ठरतात. रुग्णांवरील चाचणीस नैतिकता समितीची संमती घ्यावी. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत तिची नोंद करावी. तुलनेसाठी दिसायला तसेच, पण परिणामशून्य कंपन देणारे उपकरण दुसऱ्या गटास द्यावे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार विक्रीसाठी परवानगी लागते, याचीही जाणीव विद्यार्थ्यांना द्यावी.

याखेरीज राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत अक्षर बारीक होणे, चालताना एक हात न हलणे, चेहरा भावशून्य होणे यांसारख्या प्रारंभिक खुणांची माहिती देता येईल. ई-संजीवनी या शासकीय दूरवैद्यक सेवेचा वापर शिकविता येईल. मराठी विभागांना रुग्णांसाठी सोप्या मराठीत व अहिराणीत पुस्तिका तयार करता येतील.

निष्कर्ष

१. अंगावर वापरावयाची कंपन-उपकरणे शास्त्रीय गृहीतकांवर आधारलेली असली तरी त्यांच्या परिणामकारकतेचा पुरावा अद्याप मर्यादित आहे.

२. ही उपकरणे औषध व व्यायाम यांना पूरक ठरू शकतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत.

३. बाह्य संकेत व लय यांचा उपयोग अल्प खर्चात घरोघरी करता येतो आणि खानदेशासारख्या प्रदेशात त्यास प्राधान्य मिळावे.

४. स्थानिक महाविद्यालयांनी उपकरणनिर्मितीबरोबरच काटेकोर तुलनात्मक चाचणीची जबाबदारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने स्वीकारावी.

वडिलांसाठी उपकरण मागवू पाहणाऱ्या मुलाला आपण नकार देऊ नये, तशी खोटी आशाही दाखवू नये. आधी निदान, मग नियमित औषध, त्यानंतर लयबद्ध व्यायाम आणि या सर्वांनंतर परवडल्यास उपकरण, हा क्रम त्याला समजावून सांगणे हेच शिक्षित समाजाचे कर्तव्य होय.