भूल दिल्याने कॅन्सर परत येतो का?

घरात कोणाचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की व्हॉट्सॲपवर हमखास कुणीतरी पाठवतं, ‘पूर्ण भूल घेऊ नका, आजार उलटतो.’ पालकसभेनंतर मलाही हे विचारलं गेलंय. म्हणून जरा नीट पाहू.

शंका अगदीच हवेतली नव्हती. ऑपरेशनच्या वेळी गाठीतल्या काही पेशी रक्तात सुटू शकतात. नेमक्या त्याच वेळी त्यांना मारणाऱ्या आपल्या संरक्षक पेशी ताणामुळे मंदावलेल्या असतात. २००६ मध्ये आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पूर्ण भुलीसोबत ज्यांच्या मणक्याशेजारच्या नसाही बधिर केल्या होत्या, त्यांच्यात आजार कमी उलटलेला दिसला.

पण जुन्या नोंदींची गोष्ट ट्यूशनसारखी आहे. ट्यूशनच्या मुलांना मार्क जास्त पडतात, पण ते ट्यूशनमुळेच की घरच्या वातावरणामुळे, कसं सांगणार? त्यासाठी चिठ्ठ्या टाकूनच गट पाडावे लागतात. असा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ८ देश, २,१०० हून जास्त स्त्रिया. एका गटाच्या नसा बधिर करून शिरेतून प्रोपोफॉल दिलं, दुसऱ्याला हुंगवायचं सेवोफ्लुरेन आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. दोन्हीकडे साधारण १० टक्के जणींचा आजार उलटला. फरक नाहीच!

खरी गंमत मुंबईत झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथेही गट चिठ्ठीनेच. एका गटात ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं. हो, दात काढताना हिरडीत देतात तेच, अगदी स्वस्त औषध. ५ वर्षांनी त्या गटातल्या ९०.१ टक्के जणी हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ८६.४ टक्के. म्हणजे शंभरात जवळजवळ चार बायका जास्त. लिडोकेन पेशींच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटा बंद करतं, त्यामुळे पेशींची हालचाल अडत असावी, असा त्यामागचा विचार आहे. मात्र हे निकाल स्तनाच्या कॅन्सरचे आहेत, पोटाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरला तसेच लावता येत नाहीत.

तेव्हा भुलीच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नका, त्यात गाठ वाढते. गाठीभोवतीच्या इंजेक्शनबद्दल सर्जनना जरूर विचारा. आणि भूल देणारे डॉक्टर आधी भेटायला येतील तेव्हा दमा, शुगर, चालू गोळ्या, हलणारा दात आणि आधीच्या भुलीत झालेला त्रास हे सगळं न विसरता सांगा. शक्यतो कागदावर लिहूनच न्या.